मिरचीचा दाह आणि नागिणीची कळ

रायपूरच्या सदर बाजारात सराफांची दुकाने दाटीने उभी आहेत. त्यांच्या मागील एका गल्लीत माझ्या काकूंचे बिऱ्हाड होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीपासून बरगडीपर्यंत नागीण उठली. फोड यथाकाल सुकले. पण मागे जी कळ राहिली, ती महिने लोटले तरी जाईना. लुगड्याचा पदर नुसता घासला तरी त्या कळवळत. अखेर एका शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी लाल मिरची वाटून, तेलात कालवून तेथे थापली. “अरे, काट्यानेच काटा निघतो,” असे मला म्हणालेल्या काकू थोड्याच वेळात रडू लागल्या. मी घाबरून गार पाण्याचे तांबे ओतले. दाह कमी होईना. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, हे एम. ए. झालेल्या पुतण्यास ठाऊक नव्हते. आधी साधे तेल लावून पुसून घ्यावयाचे आणि मग साबणाने धुवावयाचे, हे मी मागाहून शिकलो.

तरीही शेजारीण सर्वस्वी चुकली होती, असे म्हणवत नाही. (मिरची हे आपले प्राचीन औषध, हा तिचा दावा मात्र खरा नव्हे. पोर्तुगीजांनी ती १६ व्या शतकात या देशात आणली.) मिरचीतील त्या द्रव्यास १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या फिकट गाभ्यात सर्वाधिक असते. त्याचे कार्य कसे चालते, हे १९९७ साली अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने उलगडले आणि २०२१ साली ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी झाले. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक सूक्ष्म दार असते. सुमारे ४३ अंश सेल्सिअस उष्णतेने ते उघडते. कॅप्सेसिननेही तेच उघडते. म्हणून त्वचा भाजलेली नसतानाही ती भाजते आहे, अशी वर्दी मेंदूकडे जाते.

नागिणीत कांजिण्यांचा जुना, मज्जातंतूंत दडून राहिलेला विषाणू पुन्हा जागा होतो आणि त्या तंतूंना इजा करतो. इजा झालेले तंतू कारण नसताही वर्दी देत राहतात. त्यांच्या टोकांना कॅप्सेसिन मोजक्या प्रमाणात वारंवार मिळाले, की ती निष्प्रभ होऊन त्वचेतून मागे सरतात. काही महिन्यांनी ती पुन्हा वाढतात, त्यामुळे आराम कायमचा असेलच असे नाही.

सारे मर्म त्या ‘मोजक्या’ शब्दात आहे. वाटलेल्या मिरचीत द्रव्य किती, हे कोणी सांगावे? एक मिरची दुसरीसारखी नसते. मलमात ते ०.०७५ टक्के, किंवा त्याहूनही कमी असते. दिवसातून तीन-चार वेळा लावावयाचे, हात धुवावयाचे, डोळ्यांस बोट लावावयाचे नाही, आणि फोड वा जखम ओली असेतो मलम दूर ठेवावयाचे. परदेशी रुग्णालयांत ८ टक्क्यांची पट्टीही वापरतात, परंतु ती जाणत्यांच्या देखरेखीखाली.

डॉक्टरांनी काकूंस असे मलम दिले. पहिल्या आठवड्यात आग इतकी होई, की त्यांनी ती नळी दोनदा केरात टाकली आणि मी दोनदा उचलून आणली. गुण दिसावयास काही आठवडे लागतात, हे त्यांना पटविणे हेच कठीण काम होते. चौथ्या आठवड्यात त्या पदर नेहमीसारखा घेऊ लागल्या. कळ पुरती गेली नव्हती. रात्री झोप मात्र लागत होती.