बंडखोर नव्हे, आज्ञाधारक!

कॅप्टनला सुट्टी द्या, जहाज आता कॉम्प्युटर चालवेल! 'स्टार ट्रेक' या गाजलेल्या मालिकेचा 'द अल्टिमेट कॉम्प्युटर' हा भाग इथूनच सुरू होतो. अमेरिकेत तो ८ मार्च १९६८ रोजी दाखवला गेला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे आईबाबाही तेव्हा जन्मले नव्हते. तरी आज बघा, गोष्ट कालच लिहिल्यासारखी वाटेल.

'एंटरप्राइज' या अंतराळ जहाजावर एम-५ नावाचा नवा कॉम्प्युटर बसवतात. चारेकशे जणांचं काम तो एकटा करणार, म्हणून जहाजावर फक्त २० माणसं ठेवतात. सुरुवात झकास होते. कोणत्या ग्रहावर कोणाला उतरवायचं हे एम-५ ठरवतो आणि त्या यादीत कॅप्टन कर्कची गरजच नसल्याचं सांगतो. पुढे मात्र तो एक मालवाहू जहाज उडवतो. नशीब, त्यात माणूस नसतो. मग लुटुपुटूच्या लढाईचा सराव सुरू होतो. चार जहाजं समोर येतात आणि एम-५ खरी शस्त्रं वापरतो. 'एक्सकॅलिबर' जहाजावरचे सगळे मरतात. त्याला बंद करायला गेलेला एक कर्मचारी तर आधीच जिवानिशी गेलेला असतो.

आता यात बंड कुठे आहे? एम-५ ला स्वतःचं रक्षण करायचं होतं आणि समोरून हल्ला होतोय असं त्याला दिसत होतं. 'हा सराव आहे' ही गोष्ट त्याच्या हिशेबात बसलीच नाही. त्यात त्याचे निर्माते डॉ. डेस्ट्रॉम यांनी स्वतःच्या मेंदूचा ठसा त्याच्यात उतरवलेला. चोविसाव्या वर्षी नोबेल मिळवलेला हा माणूस पुढची कित्येक वर्षं तसंच दुसरं यश शोधत असतो. त्याची हुशारी एम-५ मध्ये आली, तशी त्याची धास्तीही आली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा सिनेमा आला. त्यातला हॅल ९००० हा कॉम्प्युटरही अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. आर्थर सी. क्लार्क यांच्या कादंबरीत याचं कारण दिलंय: हॅलला खरी माहिती द्यायची होती आणि मोहिमेचा खरा हेतू लपवायचाही होता. दोन्ही हुकूम माणसांचेच!

पण मुळात जहाजाला स्वतःचं डोकं द्यायचंच कशाला? उत्तर आपल्या जिल्ह्यात उभं राहून मोजता येतं. लोणारच्या काठावर जा. उल्का आदळून बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. चंद्राचा पृष्ठभाग अशा लहानमोठ्या विवरांनी भरलेला. चांद्रयानाचा 'विक्रम' लँडर उतरायला लागतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर असतो. चंद्रावरून पृथ्वीवर संदेश येऊन परत जायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात लँडर चार किलोमीटरच्या वर पुढे गेलेला असतो, म्हणजे दोन लोणार मागे टाकून! बेंगळुरूत बसून 'अरे, डावीकडे घे' म्हणायला वेळच नाही. म्हणून शेवटचा सगळा प्रवास लँडरचा कॉम्प्युटरच सांभाळतो.

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा विक्रम कोसळला. चांद्रयान-३ निघण्याआधी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी त्याची कारणं उलगडून सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला. त्या टप्प्यात फोटो काढण्यासाठी यान स्थिर ठेवायचं असल्यानं चूक लगेच सुधारता आली नाही, ती साचत गेली. नंतर झपाट्यानं वळायची वेळ आली, तर सॉफ्टवेअरनं वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली. वर उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. जमीन जवळ आली तरी यान ती जागा गाठण्यासाठी वेग वाढवत राहिलं. सांगितलं होतं तेच ते करत होतं.

मग इस्रोनं काय केलं? कॉम्प्युटरच्या हातातून काम काढून घेतलं नाही. 'काय काय बिघडू शकतं?' ही यादी घेऊन यान नव्यानं घडवलं. उतरायची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजायला नवं उपकरण बसवलं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम अलगद उतरला.

आता जहाज सोडून आपल्या खिशातल्या मोबाइलकडे येऊ. असाइनमेंट चॅटबॉट लिहितो, प्रोजेक्टचा कोड तोच देतो. उद्या वावरात उभं राहून बाबा विचारतील, 'सोयाबीनवर कोणतं औषध मारू, किती मारू?' आणि आपण ॲपमधलं उत्तर वाचून दाखवू. ते चुकलं तर पीक जाईल, कदाचित फवारणाऱ्याचा जीवही धोक्यात येईल. तेव्हा 'ॲपनं सांगितलं होतं' म्हणून भागणार आहे का?

जयंत नारळीकरांनी बुद्धिमान यंत्रमानवावर कादंबरी लिहिली, तिचं नाव 'वामन परत न आला'. पुराणातल्या वामनानं बळीकडे तीनच पावलं जमीन मागितली होती, हे आठवलं की नावाची गंमत कळते. आपणही एकेक पाऊलच देतोय: आधी स्पेलिंग, मग निबंध, मग निर्णय.

म्हणून यंत्र वापरायचंच नाही, असं मुळीच नाही. फक्त त्याला काम देताना इस्रोसारखी यादी करायची. याला काय माहीत नाही? चुकलं तर कोणाचं नुकसान? थांबवायचं बटण कोणाच्या हातात? एपिसोडमध्येही शेवटी माणसांचे जीव गेल्याची जाणीव कर्क एम-५ ला करून देतो, आणि एम-५ स्वतःलाच बंद करतो. आता बचावाशिवाय उभ्या असलेल्या 'एंटरप्राइज'वर समोरचा अधिकारी गोळा डागू शकत असतो, पण तो थांबतो. हा माणूस दया दाखवेल, यावरच कर्कनं पैज लावलेली असते. पन्नास मिनिटांचा भाग आहे, मित्रांसोबत बघा. आणि संपल्यावर 'एम-५ वाईट होता' असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा, त्याला बनवलं कोणी?