न दिसणाऱ्या हत्तींची गणती

गुरें मोजावयाचीं असलीं म्हणजे गुराखी सायंकाळीं गोठ्याच्या दाराशीं उभा राहतो. परंतु ज्या अरण्यांत थोड्या अंतरावरील हत्तीही झाडीआड दिसेनासा होतो, तेथें त्याची गणती कशी करावी? मध्य आफ्रिकेंतील गॅबन, काँगो इत्यादि देशांच्या वनांत शास्त्रज्ञांपुढें हाच प्रश्न असतो. उघड्या माळावरील हत्ती विमानांतून मोजतां येतात. येथें वरून केवळ झाडांचे शेंडे दिसतात.

यास्तव ते हत्ती न मोजतां त्यांची लीद मोजतात! विद्यार्थ्यांनीं हंसूं नये; यांत आपल्या अंकगणिताचाच उपयोग आहे. समजा, एक हत्ती दिवसांतून २० वेळां लीद टाकतो व प्रत्येक ढीग ९० दिवसांनीं नाहींसा होतो. म्हणजे एका हत्तीमागें कोणत्याही दिवशीं वनांत १,८०० ढीग असावयाचे. एखाद्या भागांत ९,००० ढीग असल्यास तेथें हत्ती ५.

सारें वन पालथें घालणें अशक्य. म्हणून ठरविलेल्या सरळ रेषांवरून चालत जाऊन प्रत्येक ढिगाचें रेषेपासूनचें अंतर मोजतात, व दूरचे किती ढीग नजरेंतून सुटले असतील तें त्यावरून अजमावितात. पावसानें लीद लवकर विरते. तेव्हां ती त्या वनांत किती दिवस टिकते, हेंही पाहावें लागतें. आतां लिदेंतील डी.एन.ए.वरून प्रत्येक हत्ती वेगळा ओळखतां येतो. अशा रीतीनें २०२१ सालीं गॅबनमध्यें सुमारें ९५,००० हत्ती असल्याचा अंदाज निघाला.

एवढा खटाटोप कशासाठीं? हस्तिदंताच्या लोभानें चोरटे शिकारी हत्ती मारतात, आणि हा अपराध जेथें कोणी पाहावयास नाहीं तेथें घडतो. गॅबनमधील मिंकेबे हें राष्ट्रीय उद्यान मनुष्यवस्तीपासून दूर आहे. तेथील २००४ व २०१४ सालच्या गणती ताडून पाहतां असें आढळलें कीं, त्या दहा वर्षांत २५,००० हून अधिक हत्ती, म्हणजे शेंकडा सुमारें ८०, नाहींसे झाले होते! या हत्तिणीस पहिलें पिलूं बहुधा विशी उलटल्यावर होतें. त्यामुळें ही हानि लवकर भरून येणारी नव्हे. २०२१ सालीं आफ्रिकेचा हा वनहत्ती अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घालण्यांत आला.

ही गणती झाली नसती, तर एवढा संहार होऊनही जगास त्याची वार्ता लागली नसती. मुलांनो, ‘गणित शिकून काय करावयाचें?’ असें मनांत येईल, तेव्हां चिखल तुडवीत मुक्या प्राण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसांची आठवण करा.