ट्रॅक्टर चालू होत नाही? आधी डिझेलची वाट तपासा, पंप नंतर उघडा



गव्हाची पेरणी तोंडावर आली आहे. बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरमध्ये पेरायचा, आणि त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटतं, असं राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते. हरभऱ्याचंही तेच. जमिनीतली ओल उडाली की उगवण विरळ होते. आणि नेमक्या याच दिवसांत पावसाळाभर उभे असलेले छोटे ट्रॅक्टर दगा देतात. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण धरत नाही, किंवा चालू होऊन बांधावर पोचेपर्यंत बंद पडतं.

अशा वेळी घाईत "पंप गेला" असं ठरवून पंप खोलायला देऊ नका. बहुतेक वेळा दोष पंपात नसतो. डिझेलमध्ये पाणी, टाकीत कचरा, किंवा नळीत हवा, या तिघांपैकी एक असतं. ते शोधायला अर्धा-पाऊण तास, दोन पाने आणि एक पारदर्शक बाटली पुरते. युवराज 215, स्वराज 717 असे एक सिलिंडरचे 15 एचपीचे असोत, की 22-25 एचपीचे तीन सिलिंडरचे, तपासायची रीत एकच आहे.

*डिझेल कुठून कुठे जातं?*

टाकी → तोटी आणि चाळणी → फीड पंप → फिल्टर → मोठा पंप → नोझल. (काही लहान ट्रॅक्टरांत टाकी उंचावर असते, तिथे फीड पंप नसतो. डिझेल आपोआप उतरतं.)

मोठ्या पंपातला दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यातली फट फक्त 2 ते 4 मायक्रॉन असते. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. या दट्ट्याला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. म्हणून डिझेलमध्ये पाणी आलं की गंज धरतो, माती आली की ओरखडे पडतात, आणि रॉकेलची भेसळ असली की वंगण कमी पडून झीज होते. मग मात्र खरोखर पंपाचं काम निघतं आणि हजारोंचा खर्च येतो.

*आधी लक्षण ओळखा*

1) सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही: डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही.
2) पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही: डिझेल पोचतंय, पण जळत नाही. पाणी मिसळलेलं असू शकतं, किंवा इंजिन फार थंड आहे.
3) चालू होतो, थोड्या वेळाने बंद पडतो, थांबून पुन्हा चालू होतो: टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे, किंवा टाकीतल्या चाळणीवर कचरा बसतो.
4) रिकामा बरा चालतो, रोटाव्हेटर लावला की दम तोडतो: फिल्टर चोक झाला आहे.
5) रेस आपोआप वर-खाली होते: नळीत हवा शिरते आहे.
6) लोडवर काळा धूर: आधी एअर फिल्टर बघा. तो साफ असेल तर नोझल तपासून घ्या.
7) इंजिन ऑइलची पातळी वाढली आणि त्याला डिझेलचा वास येतो: *ट्रॅक्टर चालवूच नका.* डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जाईल. इथे मेकॅनिकच हवा.

*मग या क्रमाने तपासा*

*पहिलं:* स्टॉपची दांडी पूर्ण आत आहे का, तोटी उघडी आहे का, टाकीत डिझेल आहे का. हसू नका. दांडी बाहेर राहिल्याने बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो.

*दुसरं:* टाकीचं झाकण सैल करून ट्रॅक्टर चालवून बघा. आता बंद पडत नसेल तर झाकणाचं छिद्र बारीक तारेने मोकळं करा. काम झालं.

*तिसरं:* सकाळी, ट्रॅक्टर हलवण्याआधी, टाकीच्या तळाच्या नटातून किंवा फिल्टरखालच्या स्क्रूतून अर्धा लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. अर्धा तास स्थिर ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसेल. पाणी निघालं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. पाणी जास्त असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. ते डिझेल गाळून परत टाकू नका.

*चौथं:* टाकीकडून येणारी नळी फिल्टरजवळ किंवा फीड पंपाजवळ सोडा. टाकी उंचावर असेल तर डिझेलची धार सरळ यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर चाळणी किंवा तोटी तुंबली आहे.

*पाचवं:* फिल्टर. कागदाचा फिल्टर धुऊन, हवा मारून परत बसवू नका. फाटलेला कागद डोळ्याला दिसत नाही, पण कचरा थेट पंपात जातो. तासांचा हिशोब मालकाच्या पुस्तिकेत दिला आहे, त्याप्रमाणे नवीन कंपनीचाच टाका. सोबतचं रबरी रिंग-वायसरही नवं लावा. जुन्या रिंगेतूनच बहुतेक वेळा हवा शिरते.

*हवा कशी काढायची?*

डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला, किंवा फिल्टर बदलला, की लाइन हवा धरतेच.

1) टाकी निदान अर्धी भरा, तोटी उघडा. फिल्टर आणि पंपाचा भाग पुसून घ्या.
2) फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा. फीड पंपाची हातदांडी मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल. बुडबुडे थांबले की दांडी मारता मारताच स्क्रू आवळा.
3) मोठ्या पंपावरच्या स्क्रूलाही तसंच करा.
4) तरी धरत नसेल तर नोझलकडच्या पाइपचा नट एक आटा सैल करा, रेस पूर्ण द्या, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. डिझेल उसळून आलं की नट आवळा.
5) सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको. मधे एक मिनिट थांबा.

चौथी पायरी फक्त साध्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 नियम लागू झाले. अशा कॉमन रेल इंजिनचा पाइप कधीच सैल करू नका.

*जिवाशी खेळ नको: हे नीट वाचा*

नोझलच्या पाइपमध्ये दाब साधारण 200 बार असतो, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे शंभर पट. चिरलेल्या पाइपमधून निघणारी बारीक फवार कातडी भेदून आत जाते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. चेहरा लांब ठेवा. फवार लागली तर बाहेर टाचणीच्या टोकाएवढाच ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. पण आतून मांस कुजत जातं आणि बोट, हात गमवावा लागू शकतो. हळद-मलम लावून झोपू नका, लगेच जिल्हा रुग्णालय गाठा आणि "दाबाचं डिझेल आत गेलं" असं स्पष्ट सांगा.

दुसरं, नळीला तोंड लावून डिझेल ओढू नका. एक घोट श्वासनळीत गेला तरी फुप्फुसाला सूज येते. कुणी गिळलंच तर उलटी *करवू नका*, थेट दवाखान्यात न्या. हातपंपाची नळी थोड्या पैशांत मिळते, ती घरात ठेवा.

*खरा उपाय: डिझेल स्वच्छ आणा, स्वच्छ ठेवा*

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातले बरेच जण सीमेपलीकडे गुजरातच्या पंपावर भाव कमी म्हणून कॅन भरून आणतात. पैसे वाचतात हे खरं, पण तोच कॅन नीट नसेल तर वाचलेलं सगळं फिल्टरमध्ये आणि पंपात जातं.

- फवारणीच्या औषधाचा, तणनाशकाचा रिकामा कॅन डिझेलला वापरू नका.
- जस्ताचा पत्रा असलेली बादली किंवा ड्रम नको. जस्त डिझेलमध्ये उतरतं.
- ड्रम सावलीत, किंचित तिरका ठेवा. डिझेल काढण्याआधी एक दिवस हलवू नका, आणि तळाचं दोन-तीन बोटं डिझेल टाकीत घेऊ नका.
- टाकीत ओतताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा. वाऱ्यात, धुळीत ओतू नका.
- टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं आणि त्याचंच पाणी होतं.
- शंका आली तर पंपावर घनता तपासून मागा आणि 5 लिटरच्या मापाने मोजून घ्या. तो ग्राहकाचा हक्क आहे.

*धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या सभासदांसाठी:* मानकाप्रमाणे हिवाळ्यातलं डिझेल 3 अंशांपर्यंत वाहतं राहायला हवं, पण इतर महिन्यांतल्या डिझेलला ही मर्यादा 15 अंश आहे. म्हणून उन्हाळ्यात भरून ठेवलेलं डिझेल डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर अडवू शकतं. डाब, तोरणमाळला दव गोठतं त्या दिवसांत नवीन भरलेलं डिझेलच वापरा. टाकीखाली शेकोटी अजिबात करू नका. ट्रॅक्टर उन्हात आणा, किंवा फिल्टरवर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा.

*मेकॅनिक कधी बोलवायचा?*

वरचं सगळं करून, फिल्टर नवा टाकून आणि हवा काढूनही फरक नसेल, तर नोझल आणि पंप तपासायची वेळ आली. पंप बांधावर, धुळीत उघडू देऊ नका. कॅलिब्रेशनचं मशीन असलेल्या दुकानातच द्या, आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्या.

पेरणीच्या आदल्या दिवशी नाही, *आजच* बाटलीची तपासणी करून बघा. पाणी निघालं तर बाटलीचा फोटो, ट्रॅक्टरचं मॉडेल आणि डिझेल कशात साठवलं होतं ते या नंबरवर पाठवा. लक्षण समजत नसेल तर चालू इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून टाका. मी संध्याकाळी बघून उत्तर देतो.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या शेजाऱ्यांना, विशेषतः तोंडाने डिझेल ओढणाऱ्या पोरांना, हा मेसेज वाचून दाखवा.

*तुमचा कृषी सल्लागार*