आजीच्या पेटीतला १९१८ चा रुपया : ऑनलाइन लिलावात त्याचे किती येतात?

शिर्डीत नाण्यांचा विषय निघाला, की पहिली आठवण निघते ती नऊ रुपयांची. १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमीच्या दिवशी देह ठेवण्यापूर्वी साईबाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हाती आधी पाच आणि मग चार रुपये दिले. त्याच काळातले चांदीचे रुपये परिसरातील कित्येक घरांत आजही लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवले जातात. आता मोबाइलवर ‘जुने नाणे विका, लखपती व्हा’ अशा जाहिराती झळकू लागल्याने ही नाणी पेटीतून बाहेर येत आहेत. पहिल्यांदाच विकायला निघालेल्यांचे हात नेमके कुठे पोळतात?

शंभर वर्षे जुने, तरी भाव का नाही?

पाचव्या जॉर्जचा १९१८ चा रुपया दुर्मीळ नाही. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीच्या नाण्यांची मागणी इतकी वाढली, की मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी त्या वर्षी प्रत्येकी २० कोटींहून अधिक रुपये पाडले. त्यासाठी चांदी मिळावी म्हणून अमेरिकेने ‘पिटमन कायदा’ केला. त्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवण्यात आले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारताकडे आली. पाठ्यपुस्तकात फारसा न येणारा हा इतिहास आजीच्या पेटीत मात्र खणखणतो.

हा रुपया ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणले, की किमान किंमत घरबसल्या कळते. झिजलेल्या नाण्याला त्याहून फार काही मिळत नाही.

याउलट १९११ चा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, आणि बहुतेक नाणी पुन्हा भट्टीत गेली. आजही संग्राहक त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि चांगले पैसे मोजतात. वयाने तो १९१८ च्या रुपयापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठा. भाव ठरतो तो किती नाणी उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली यावर. शिवराईचेही तसेच. शिवकाळातली सुबक शिवराई वेगळी. पेशवाईच्या अखेरपर्यंत पाडलेल्या ‘दुदांडी’ शिवराया अमाप आहेत आणि किरकोळ रकमेत जातात.

आणखी एक गफलत या भागात हमखास होते. फारसी अक्षरे दिसली, की नाणे ‘मुघलांचे’ ठरवून मोडीत दिले जाते. पण मराठ्यांच्या अनेक टांकसाळी बादशहाच्या नावानेच रुपये पाडत. नाशिकच्या रुपयावर ‘गुलशनाबाद’ असे नाव येते. होळकरांच्या चांदवडचा ‘चांदोरी’ रुपया तर या टापूत खूप चालला. असे नाणे जाणकाराला दाखवल्याशिवाय सराफाकडे टाकू नये.

‘बाबांच्या हातचे’ असे लिहावे का?

मोह इथेच होतो. पत्ता शिर्डीचा, नाणे १९१८ चे. वर्णनात एक ओळ वाढवली, की बोली चढेल असे वाटते. पण त्या नऊ रुपयांसारखे लाखो रुपये तेव्हा चलनात होते. नाण्याकडे पाहून ते कोणाच्या हातातून गेले हे कुणालाच सांगता येत नाही. खरी नऊ नाणी कोणती, यावरून खुद्द शिर्डीतच वाद झाले आहेत. जुने पत्र, खरेदीची पावती, दिनांक असलेले छायाचित्र असा कागद असेल तरच तसे लिहावे. नसेल तर ‘कुटुंबाकडील नाणे’ एवढेच पुरे. खोट्या वर्णनावर विकले तर पैसे परत द्यावे लागतातच, शिवाय फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

साईबाबांची किंवा इतर देवतांची छबी असलेल्या चांदीच्या तुकड्यांनाही सगळे नाणेच म्हणतात. सरकारी टांकसाळीचे मूल्य त्यावर नसेल तर ते पदक. त्याची किंमत मुख्यतः वजनाची. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे छापलेली राम दरबाराची किंवा हनुमानाची तांब्याची नाणी तर सरळ बनावट असतात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. तांदूळ खेचणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याचा ग्राहक दारात आला, तर त्याला चहाही देऊ नये.

विकणाऱ्याकडेच पैसे मागितले तर?

ही फसवणूक सर्वाधिक चालते. नाण्याचा फोटो पाठवला, की ‘दहा लाखांना मंजूर’ असे उत्तर येते. मग नोंदणी, जीएसटी, ‘रिझर्व्ह बँकेचे शुल्क’ असे करत हजार-दोन हजारांनी उकळणे सुरू होते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या ज्येष्ठांना एकदा समजावून सांगावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

लिलावात द्यायचे कसे?

सर्वांत आधी, नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, पावडर काहीही नाही. वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर संग्राहकाला हवा असतो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला तो नाक मुरडतो. दिवाळीला नाणी लखलखीत करण्याच्या सवयीने या भागातल्या घरांत हे नुकसान आधीच बरेच झाले आहे.

मग सराफाच्या काट्यावर वजन करावे. जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला तळाशी कमळ असते. त्याखाली बारीक उठावदार ठिपका असेल तर टांकसाळ मुंबई, नसेल तर कलकत्ता. दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावेत.

मुंबईत टोडीवाला आणि ओसवाल, बंगळुरूत मरुधर, अहमदाबादेत क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही या क्षेत्रातील परिचित नावे. लिलावगृह कोणतेही असो, त्याच्या जुन्या लिलावांचे निकाल पाहावेत. विक्रेत्याने मागितलेली किंमत कितीही असते. नाणे प्रत्यक्षात कितीला गेले तेच धरावे. नाणे देण्यापूर्वी कमिशन किती, राखीव किंमत कोण ठरवणार, पैसे किती दिवसांत, विमा कोणाचा, हे लेखी घ्यावे. ‘पीसीजीएस’ किंवा ‘एनजीसी’कडून नाणे प्रमाणित करून सीलबंद करता येते, मात्र साध्या रुपयासाठी तो खर्च परवडत नाही. नजर तयार करायची असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. शिर्डीहून एका दिवसात जाऊन येता येते.

कायद्याची मेख कुठे?

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही. दुबईच्या किंवा अमेरिकेच्या ग्राहकाने कितीही बोली लावली तरी नाही. घरातले एखादे नाणे विकणे निराळे; पण पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. शेतात नांगरताना नाणी सापडली, तर मात्र लिलाव दूरच. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ऐवज जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.

नाणे कुरिअरने किंवा टपालाने पाठवताना वजन दिसेल असे ठेवून पाकीट बंद करेपर्यंतचा व्हिडिओ काढावा. लिलावात न विकले गेलेले नाणे परत आले, की पाकीट उघडतानाही तसाच व्हिडिओ काढून वजन आणि खुणा जुन्या फोटोंशी ताडून पाहाव्यात, आणि मगच पोच द्यावी.