बर्च हे तण नव्हे

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ‘मायकोरायझा’चा पुडा आता सहज दिसतो. द्राक्ष, डाळिंब, ऊस करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द रुळला आहे. पण तो शेतातला नाही, जंगलातला. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो घडवला. ट्रफल नावाच्या महागड्या, जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीची लागवड करता येईल का, हे तपासण्याचं काम प्रशियाच्या सरकारने त्याच्याकडे सोपवलं होतं. तपासताना त्याला झाडांच्या कोवळ्या मुळांवर बुरशीचं आवरण चढलेलं आढळलं, आणि तरी झाडं धडधाकट होती. ग्रीकमधले ‘बुरशी’ आणि ‘मूळ’ हे दोन शब्द जोडून त्याने या नात्याला नाव दिलं. झाड पानांत तयार झालेली साखर बुरशीला देतं. बुरशीचे तंतू मुळांना न गाठता येणाऱ्या फटींत शिरून पाणी, स्फुरद, नत्र आणून देतात.

एकच बुरशी शेजारच्या दोन झाडांच्या मुळांवर असेल, तर एका झाडातलं काही दुसऱ्यात जातं का? इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात डेव्हिड रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पाइनच्या रोपांवर प्रयोग करून, प्रयोगशाळेत तरी कार्बन जातो असं दाखवलं. खऱ्या जंगलात ते तपासण्याची गरज सुझान सिमार्ड यांना वाटली, ती रोपं मरताना पाहून.

सिमार्ड कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या. घोड्यांनी ओंडके ओढणाऱ्या लाकूडतोड्यांच्या घराण्यातल्या. पुढे त्या प्रांताच्या वनखात्यात संशोधक झाल्या. तिथली रीत अशी: जुनं जंगल सरसकट तोडायचं, डग्लस फरसारखी पैसा देणारी झाडं ओळीने लावायची आणि मध्ये आपोआप उगवणारा बर्च तण समजून कापायचा किंवा तणनाशकाने मारायचा. खुरपणी करणाऱ्या कुणालाही हा हिशेब पटेल. पण बर्च काढून टाकलेल्या जागी फरची रोपं जास्त मरत असल्याचं सिमार्ड यांना दिसलं.

हा कागदी बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा चुलतभाऊ. त्याचीही साल तशीच पापुद्र्यांनी सुटते. सिमार्ड यांनी बर्च, फर आणि लाल सीडर यांची रोपं शेजारी शेजारी लावली. बर्च आणि फर यांच्या मुळांवरच्या काही बुरश्या सामाईक असतात, सीडरची बुरशी मात्र वेगळ्या कुळातली. म्हणजे सीडर या जाळ्याबाहेरचा साक्षीदार. रोपांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून एका जातीला कार्बन-१४ असलेला, तर दुसऱ्या जातीला कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड दिला. दोन्ही खुणा वेगळ्या असल्यामुळे कोणाकडून कोणाकडे किती गेलं, हे मोजता येणार होतं. काही फरवर कापड बांधून सावलीही केली होती.

निष्कर्ष ऑगस्ट १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये आले. कार्बन दोन्ही दिशांना गेला होता. दुसऱ्या वर्षी फरच्या पदरात निव्वळ वाढ पडली होती, दोघांनी मिळून शोषलेल्या खुणेच्या कार्बनच्या सरासरी ६ टक्के. गडद सावलीतल्या फरला अधिक मिळालं होतं. सीडरमध्येही थोडा कार्बन सापडला, म्हणजे काही भाग मातीतून सरकला असणार. पण ‘नेचर’ने मुखपृष्ठावर ‘वुड-वाइड वेब’ हे शब्द छापले आणि जगाने ते उचलले.

पुढे २०१०मध्ये सिमार्ड यांच्या गटाने डग्लस फरच्या जंगलातला ३० मीटर लांब-रुंद तुकडा घेतला. मुळांवरच्या दोन जातींच्या बुरश्यांचे जनुकीय ठसे जुळवून कोणतं झाड कोणाशी जोडलेलं आहे, याचा नकाशा काढला. एक झाड ४७ झाडांशी जोडलेलं निघालं. जुनी मोठी झाडं या जाळ्यात जास्त जोडलेली. इथून ‘मातृवृक्ष’ ही, जुनं झाड आईसारखं लहान रोपांना पोसतं अशी कल्पना फुलली, आणि २०२१मध्ये त्यावर सिमार्ड यांचं पुस्तक आलं.

या नकाशाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एकाच बुरशीचा ठसा दोन झाडांवर सापडला म्हणून त्यांमधला तंतू त्या क्षणी अखंड होता, आणि त्यातून काही वाहत होतं, असं सिद्ध होत नाही. २०२३मध्ये जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी जंगलातले सगळे पुरावे पुन्हा तपासले. जुनी झाडं आपल्याच पिल्लांना निवडून अन्न किंवा धोक्याचे इशारे पाठवतात, याला प्रत्यक्ष जंगलात केलेल्या एकाही प्रयोगाचा आधार त्यांना सापडला नाही. सिमार्ड यांना हे आक्षेप मान्य नाहीत. यातल्या मेलनी जोन्स १९९७च्या त्या निबंधाच्या सहलेखिका होत्या. ज्या कामावर आपलं नाव आहे त्याच्या भोवती वाढलेल्या समजुती पंचवीस वर्षांनी स्वतः तपासायला घेणं, हे मला फार मोठं वाटतं.

मला या साऱ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते सिमार्ड यांचं कमी गाजलेलं काम, रोपं का मरतात याचं. आर्मिलारिया नावाची बुरशी फरची मुळं कुजवते. बर्च कापला की त्याच्या मरणाऱ्या बुंध्यांवर ती पोसली जाते आणि तिथून फरकडे सरकते. उलट जिवंत बर्चच्या मुळांजवळ आर्मिलारियाला रोखणारे जिवाणू असतात. बर्च फरचा उजेड अडवतो, हेही खरं. तो काढला तर उरलेले फर जलद वाढतात, पण रोगाने मरतातही जास्त. यात आई नाही, लेकरू नाही. तरीही बर्चला तण म्हणणाऱ्या धोरणाला उत्तर द्यायला एवढं पुरेसं आहे.

बुरशीच्या जाळ्याचं हे चित्र उचलून सह्याद्रीत मात्र नेता येणार नाही. आपला साग, आंबा, जांभूळ यांची बुरशी त्या सीडरच्या बुरशीच्या कुळातली: मुळाच्या पेशींच्या आत शिरणारी, फ्रांकने पाहिलेलं आवरण न घालणारी. पाहायचीच तर मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागतात. तिला छत्रीही येत नाही. आषाढात रानवाटेवर दिसणाऱ्या अळंब्या बहुतेक पालापाचोळा, लाकूड कुजवणाऱ्या किंवा वारुळात वाळवीने पोसलेल्या बुरशीच्या. सागाच्या मुळाशी जगणारी त्यांच्यात नसते.