कोंब फुटले की गोरिला डोंगर उतरतो

गोरिला म्हटला की छाती बडवणारा राक्षस डोळ्यांपुढे येतो. सिनेमावाल्यांची ती करणी. प्रत्यक्षात हा प्राणी पाल्यावर जगणारा. अधूनमधून मुंग्या खाल्ल्या तर तेवढेच. पण बारा महिने त्याचे ताट सारखे नसते.

आफ्रिकेतील काँगो, गॅबन, कॅमेरून या देशांतल्या सखल जंगलांतील गोरिलांना रानफळांची भारी ओढ. फळे पिकली की कळप त्यांच्या शोधात रोज लांबलांब फिरतो, झाडांवर चढतो. फळे आटली की पाने, देठ आणि साल यांवर भागवतो आणि चालणेही कमी करतो. पोटात मिळायचे थोडे, तर पायपीट कशाला? जित्राब पाळणाऱ्याला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवर विरुंगाचे ज्वालामुखी डोंगर आहेत. तिथल्या पहाडी गोरिलाला थंडीमुळे फळे फारशी मिळत नाहीत. कोथिंबिरीच्या कुळातली रानटी झुडपे, काटेरी रोपे, अंगाला लागताच आग करणारा पाला, हा त्याचा रोजचा चारा. आग करणारी पाने तो खालून वर ओरबाडतो, घडी घालून तोंडात टाकतो. हा चारा वर्षभर हिरवा असतो, आणि रसाळ असल्याने पाणी पिण्याचीही गरज क्वचितच पडते.

तिथे वर्षात दोन पावसाळे. पाऊस लागला की डोंगराच्या खालच्या पट्ट्यात बांबूला कोवळे कोंब फुटतात. विदर्भात ज्यांची भाजी करतात ते वास्ते, तसलेच. त्यांत प्रथिने भरपूर. मग कळप वरचा पाला सोडून खाली उतरतात, माती उकरून कोंब काढतात आणि हंगाम सरेपर्यंत तिथेच रमतात.

अडचण इथेच आहे. रवांडात हा बांबूचा पट्टा संपतो तिथे बटाट्याची शेते सुरू होतात. पूर्वी जंगल आणखी खालपर्यंत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यातली हजारो हेक्टर जमीन पायरेथ्रमच्या लागवडीला दिली गेली. पायरेथ्रम म्हणजे ज्याच्या फुलांपासून कीटकनाशक करतात ते झाड. आज जंगल आणि शेत यांच्यामध्ये दगडी गडगा आहे. तो मुख्यतः रानरेड्यांसाठी घातलेला. गोरिला कधीकधी तो सहज ओलांडतो आणि शेतकऱ्याच्या निलगिरीची साल सोलून खातो. त्या सालीत सोडियम असते, म्हणजे मिठातला अंश. गुरे मिठासाठी भिंती चाटतात, तसेच हे.

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीप्रमाणे पहाडी गोरिला १,०६३ होते. त्यांना पाहायला परदेशी पाहुणे मोठे शुल्क भरून येतात. रवांडा सरकारने २००५ पासून या उत्पन्नातला ५ टक्के वाटा जंगलालगतच्या गावांसाठी ठेवला, २०१७ मध्ये तो १० टक्के केला. त्यातून शाळा झाल्या, पाण्याच्या टाक्या झाल्या. तरी रानरेडे रात्रीत बटाट्याचे वाफे तुडवून गेले, तर सकाळी बांधावर उभे राहायचे ते शेतकऱ्यानेच.