उभ्या मोटारीस धक्का

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो एका कुटुंबाची कर्ज काढून घेतलेली पाच महिन्यांची मोटार दारापाशी चेपलेली! धक्का देणारा पसार. "विमा आहे ना?" जो तो विचारू लागला. होता; पण कोणता?

कायद्याने सक्तीचा तो तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यातून आपल्या गाडीच्या दुरुस्तीस छदामही मिळत नाही! त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा निराळा. सुदैवाने या कुटुंबाने तो घेतला होता.

अशा वेळी कंपनीस तत्काळ कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती करू नये. सहा महिन्यांच्या आतील मोटारीच्या पत्र्यास घसारा लागत नाही. प्लास्टिकच्या भागांची मात्र, शून्य घसाऱ्याची पुरवणी नसल्यास, निम्मीच किंमत मिळते. शिवाय दावा केला की पुढील वर्षी हप्त्यात मिळणारी २० टक्के सूट जाते. ओरखडा किरकोळ असेल तर पदरचे पैसे घालणेच बरे.

दोषी सापडल्यास त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून, दावा न्यायाधिकरणामार्फत, भरपाई मागता येते.

तो बहुधा आमच्याच मिस्सेस आला होता. पापनिवेदनाने दुसऱ्याचे नुकसान भरून निघत नाही, हे त्यासही ठाऊक असेल. त्याने त्या कुटुंबास भेटावे. संकोच वाटल्यास प्रथम आमच्याकडे यावे.